आठव्या आठवड्याच्या आधी

पाळी चुकते, वॉलग्रीन्समधून आणलेल्या चाचणीत दोन रेघा उमटतात, आणि शिकागोजवळच्या शॉमबर्गमधली मराठी मुलगी क्लिनिकला फोन लावते. पलीकडून शेवटच्या पाळीची पहिली तारीख विचारतात आणि भेटीचा दिवस देतात. तो बहुतेक वेळा आठवा आठवडा भरल्यानंतरचा असतो, म्हणजे अजून तीन-चार आठवडे. पुण्यात किंवा कोल्हापुरात असती तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आईबरोबर दवाखान्यात बसली असती. इथे फोन ठेवताना दोनच सूचना मिळतात: प्रीनेटल व्हिटॅमिनची गोळी रोज घ्या, आणि काही वेगळं वाटलं तर कळवा. काय वेगळं आणि काय नेहमीचं, हे पहिलटकरणीला कळावं कसं? हे पुस्तक त्या तीन-चार आठवड्यांसाठी आणि त्यांच्या मागेपुढे येणाऱ्या दिवसांसाठी आहे.

दुसऱ्या बाजूला आपली रीत. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. ही रीत ज्या घरांत घडली तिथे सासू, जाऊ, आत्येसासू अशा चार बायका वावरत असत. चहाच्या वासाने सून न्हाणीकडे धावली की त्यांना न सांगता कळायचं, आणि पाण्याची कळशी तिच्या हातातून कुणीतरी काढून घ्यायचं. तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात चोरओटी भरली जायची. गावाला पत्ता नसे, घराला असे. शॉमबर्गच्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये तीच रीत पाळली की नवऱ्याखेरीज कुणालाच काही ठाऊक नसतं. रीत समुद्र ओलांडून आली, तिला सांभाळणारं घर मागेच राहिलं. डॉक्टर आठव्या आठवड्यापर्यंत भेटत नाहीत आणि आपण बाराव्यापर्यंत कुणाला सांगत नाही. बाळाच्या मज्जारज्जूपासून हृदयापर्यंतची मांडणी नेमकी याच काळात होते. या दोन गप्प काळांच्या मध्ये बाई एकटी पडते, हे मी गेली अनेक वर्षं पाहत आले आहे, आणि ते मला मान्य नाही.

शॉमबर्गची थोडी ओळख करून द्यायला हवी. शिकागोच्या वायव्येला सुमारे तीस मैलांवरचं हे गाव १९५६ मध्ये कागदोपत्री जन्मलं तेव्हा तिथे शे-सव्वाशे माणसं आणि शेतं होती. १९७१ मध्ये वुडफील्ड मॉल झाला, त्याच दशकात मोटोरोला आली, आणि पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांबरोबर आपली माणसं आली. आज गावाची वस्ती पाऊण लाखाच्या वर आहे. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर शिकागोत आलेली डॉक्टर-इंजिनिअर मंडळींची पिढी, नंतरची एच-वन-बीवाली पिढी आणि इथेच वाढलेल्या मुली अशा तिन्ही पिढ्या या पुस्तकात लिहित्या झाल्या आहेत. त्यांच्या अडचणी एकसारख्या नाहीत. साठीची बाई सांगते की तिच्या वेळी सांगलीचं पत्र यायला दोन आठवडे लागत. आताची मुलगी रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा आईकडे सकाळचे आठ वाजलेले असतात. मात्र चेहरा उतरलेला दिसू नये म्हणून ती कॅमेरा बंद ठेवते.

आठ आठवडे थांबवण्यामागे निष्काळजीपणा आहे असं समजू नये. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ राहिलेलाच नसतो. पाळी चुकते त्या दिवशी चौथा आठवडा पूर्ण झालेला असतो, आणि प्रत्यक्षात गर्भधारणा होऊन दोनच आठवडे झालेले असतात. हा हिशेब न कळल्यामुळे नवराबायकोंत विनाकारण प्रश्न उभे राहिलेले मी पाहिले आहेत, म्हणून तो पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. पाचव्या आठवड्याच्या सुमाराला सोनोग्राफीत गर्भपिशवीत फक्त एक काळी पोकळी दिसते. हृदयाची धडधड दिसू लागते ती साधारण सहाव्या आठवड्यात, आणि अंडं दोन-चार दिवस उशिरा सुटलं असेल तर तीही दिसत नाही. लवकर केलेली सोनोग्राफी अनेकदा उत्तर देत नाही, नुसती धास्ती वाढवते. आठव्या आठवड्यात मात्र गर्भाची लांबी मोजून प्रसूतीची तारीख आठवड्याभराच्या फरकाने ठरवता येते. डॉक्टरांचं थांबणं याच्याशी जुळलेलं आहे. पण सोनोग्राफी थांबू शकते म्हणून माहिती आणि सोबतही थांबावी, असं कुठे आहे?

प्रसूतिपूर्व देखभाल ही कल्पना तशी अलीकडची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत डॉक्टर किंवा सुईण यायची ती कळा सुरू झाल्यावर. अमेरिकेत हे बदललं त्यात इलिनॉयचा वाटा मोठा आहे. रॉकफर्डमध्ये जन्मलेली, शिकागोच्या हल हाउसमध्ये गरिबांत राहून काम केलेली ज्युलिया लॅथ्रॉप १९१२ मध्ये सरकारी चिल्ड्रन्स ब्यूरोची पहिली प्रमुख झाली. पुढच्याच वर्षी त्या खात्याने गरोदर बायकांसाठी एक पुस्तिका काढली. ती मिसेस मॅक्स वेस्ट या पाच मुलांच्या आईने लिहिली होती, डॉक्टरने नव्हे. शेतावरच्या एकट्या बाईला कळेल अशा भाषेत लिहिलेली ती पुस्तिका आमच्या या पुस्तकाची खरी पूर्वज आहे, असं मी मानते. भेटींचं जे वेळापत्रक अमेरिकेत आजही चालतं त्याचा साचा १९३० मधला आहे. ते बदलायला हवं हे आता इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनेही मान्य केलं आहे. २०२५ मधल्या तिच्या मार्गदर्शनात दहाव्या आठवड्याच्या आत बाईची सविस्तर विचारपूस व्हावी, तिच्या घरच्या परिस्थितीचीही, असं सांगितलं आहे.

आपल्याकडचा धागा याहून कितीतरी जुना. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीची महिनावार चर्या आहे, आणि ती सुरू होते गर्भ राहिल्याची नुसती शंका येताच: साधं दूध, मानवणारं जेवण, सकाळ-संध्याकाळ वेळेवर. खात्री होईपर्यंत वाट बघा, असं चरक म्हणत नाही. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. होताना आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचाच. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं, आणि डॉक्टर होण्याची जिद्द तिथून आली. परदेशात राहून, आपल्या परंपरेकडे आणि नव्या वैद्यकाकडे एकाच वेळी बघत, बाळंतपणावर लिहिणारी पहिली मराठी बाई त्याच. शॉमबर्गमध्ये बसून आम्ही जे करतो आहोत त्याची वाट त्यांनी घालून दिली.

नंतरच्या मराठी लेखनात दोन-तीन वेगळे प्रवाह दिसतात. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. शरीराबद्दल उघड बोलण्याची किंमत त्यांनी कोर्टकचेऱ्यांत मोजली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी बायकांचं ऐकायला सुरुवात केली. १९८९ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की तपासलेल्या खेड्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि बहुतेकींची त्याआधी कधी तशी तपासणीच झाली नव्हती. त्यांचं ‘कानोसा’ हे पुस्तक बायकांच्याच बोलीत आहे. तिसरा प्रवाह गर्भसंस्काराचा. डॉ. बालाजी तांबे यांचा जाडजूड ग्रंथ आज परदेशी जाणाऱ्या कितीतरी बॅगांतून येतो. त्यातून आईला रोजचा निवांत वेळ, संगीत, सात्त्विक जेवण आणि घरच्यांचं लक्ष मिळतं, आणि ते सगळं मोलाचं आहे. पण गर्भसंस्काराच्या नावाखाली येणारी प्रत्येक पुडी निर्धोक नसते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्क शहरातल्या सहा गरोदर बायकांची नोंद प्रसिद्ध केली. भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांमुळे त्यांच्या रक्तात शिसं चढलं होतं. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. ओळखीच्या वैद्यांनी दिलेली, लेबल नसलेली डबी असेल तर ती पहिल्या भेटीला बरोबर न्यावी, असं आम्ही स्पष्ट लिहिलं आहे. लाजून घरी ठेवू नये.

आता ज्या एका गोष्टीवर मला थोडं थांबायचं आहे ती म्हणजे फॉलिक ॲसिडची गोळी. ही गोळी अमेरिकेतल्या बहुतेक गरोदर बायका घेतात, आणि तिची गोष्ट सुरू होते मुंबईत. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा पंडुरोग होत असे. लोह देऊन तो बरा होईना. विल्सने त्यांचं खाणंपिणं तपासलं, माकडांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टच्या अर्काने, म्हणजे विलायतेत पावाला लावतात त्या मार्माइटने, या बायका उठून बसलेल्या पाहिल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. पुढे १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला, आणि १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने दाखवलं की ज्या आईला आधी मज्जारज्जूचा दोष असलेलं मूल झालं आहे, तिने गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत, म्हणजे पाळीच्या हिशेबाने सहाव्या आठवड्यात, बंद होते. आठव्या आठवड्याच्या भेटीत गोळी लिहून दिली तर त्या कामापुरता उशीर झालेला असतो. म्हणूनच अमेरिकेच्या सरकारने १९९२ मध्ये गर्भ राहू शकेल अशा प्रत्येक बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅमची शिफारस केली आणि १९९८ पासून ‘एन्रिच्ड’ मैद्यात, पावात फॉलिक ॲसिड घालणं सक्तीचं केलं.

इथे आपल्या घरांची एक गोची आहे आणि ती कुठल्याच अमेरिकी पुस्तकात सापडत नाही. ही सक्ती ‘एन्रिच्ड’ म्हणवणाऱ्या पिठांना लागू आहे. इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या वीस पौंडांच्या कणकेच्या पोत्याला आणि बासमतीला ती सहसा लागू होत नाही. मेक्सिकन घरांत मक्याच्या पिठाची हीच अडचण होती. ती ओळखून २०१६ मध्ये त्या पिठात फॉलिक ॲसिड घालायला परवानगी मिळाली. पोळीच्या कणकेबद्दल असं कुणी बोललेलं नाही. तेव्हा दोन वेळा पोळीभात खाणाऱ्या बाईने आपल्याला ते जेवणातून मिळतंय असं धरू नये. मूल हवं असं ठरवलं की गोळी सुरू करावी.

आणि याच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग पुण्यातला आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. वजनाने कमी तरी चरबी जास्त असलेली बाळं, मधुमेहाची बीजं पोटातूनच, हे त्यातून जगाला कळलं. त्यातच आणखी एक निष्कर्ष निघाला. ज्या आयांच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. शाकाहारी मराठी बाईमध्ये बी-ट्वेल्व्ह कमी असणं फार सर्रास आढळतं, आणि इथल्या डॉक्टरांच्या ते चटकन लक्षात येईलच असं नाही. पहिल्या रक्ततपासणीत बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर बघा, असं आपणहून म्हणायला शिकावं. परळपासून पुण्याजवळच्या त्या सहा गावांपर्यंतच्या बायकांच्या शरीरांतून जे ज्ञान आलं ते त्यांच्याच लेकीसुनांपर्यंत शॉमबर्गमध्ये पोचू नये, हे मला खरोखर लागतं.

मळमळीवर आमच्याकडे सर्वांत जास्त लेख आले. जानेवारीत उणे पंधरा तापमानात खिडक्या बंद, खाली कार्पेट, आणि शेजारच्या अपार्टमेंटमधून येणारा कांदा परतल्याचा वास. स्वतःच्या हातच्या हिंगाच्या फोडणीने पोटात ढवळून येतं आणि नवऱ्याला वाटतं हिला स्वयंपाकाचा कंटाळा आला. ‘आम्हाला नाही कधी झालं असं’ हे वाक्य फोनवरून ऐकावं लागलेल्या बऱ्याच जणी आहेत. त्यांच्यासाठी चांगली बातमी २०२३ मध्ये आली. केंब्रिजचे आणि कॅलिफोर्नियातले संशोधक ‘नेचर’मध्ये लिहितात की गर्भ आणि वार जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक सोडतात आणि ज्या बाईच्या शरीराला त्याची आधी सवय नसते तिला उलट्यांचा त्रास जास्त होतो. हा मनाचा कमकुवतपणा नाही, मूल नको असल्याची खूणही नाही. मेतकूट-भात, कोकमाचं सार, उशाशी ठेवलेला कोरडा खाकरा, थोडंथोडं दर दोन तासांनी खाणं, हे उपाय अनेकींच्या उपयोगी पडले. तेवढ्याने भागलं नाही तर बी-सिक्स आणि डॉक्सिलमिनची गोळी डॉक्टर देतात आणि ती सुरक्षित मानली जाते. चोवीस तास पाणीसुद्धा टिकत नसेल तर सहन करत बसू नये.

गोळी म्हटल्यावर घरची मोठी माणसं दचकतात, आणि त्याला कारण आहे. १९५७ मध्ये जर्मनीत आलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायकांना मळमळीवर सर्रास दिलं गेलं आणि १९६१ मध्ये परत घेईपर्यंत जगभर हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांनी जन्मली. नेमक्या याच सुरुवातीच्या आठवड्यांतल्या काही दिवसांचा तो घात होता. अमेरिकेत ते बाजारात आलं नाही, कारण शिकागो विद्यापीठात शिकलेल्या फ्रान्सिस केल्सी यांनी औषध प्रशासनात बसून, कंपनीच्या तगाद्याला न जुमानता, पुरावा मागितला. आज औषधांच्या सुरक्षिततेची जी चाळणी आहे ती त्या घटनेतून आली. म्हणून भीती समजून घ्यावी, आणि डॉक्टरांना विचारून घेतलेलं औषध व मैत्रिणीकडून घेतलेलं औषध यांत फरक करावा. मुरुमांवरच्या, फिटच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या गर्भाला अपायकारक असतात. त्यांच्याबद्दल आठव्या आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा. फिटची गोळी मात्र मनाने बंद करायची नाही.

खाण्याच्या बंधनांवर भांडणं फार होतात, तेव्हा थोडक्यात. पिकलेली पपई खाल्ल्याने गर्भ पडत नाही. कच्च्या पपईच्या चिकाबद्दलची शंका रास्त आहे, ती टाळावी. आपल्या आयांना माहीत नसलेली बंधनं इथे आहेत: न तापवलेल्या दुधाचं चीज, दुकानातले थंड मांसाचे काप, आणि पारा जास्त असलेले मासे. मालवण-गोव्याकडच्या घरांनी एवढं ध्यानात ठेवावं की मुशी म्हणजे शार्कच, आणि गोठवलेल्या पाकिटावर किंगफिश म्हणून येणारी सुरमई इथे वर्ज्य ठरवलेल्या किंग मॅकरलच्या जवळची आहे. बांगडा खुशाल खावा.

हा विषय आजच का, याचं उत्तर कायद्यांतही आहे. दहाव्या आठवड्यापासून आईच्या रक्तातून गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी होते आणि तिच्यातच मुलगा की मुलगी हेही कळतं. इथे ते सांगायला बंदी नाही. आपण ज्या राज्यातून आलो त्याने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंग निदानावर कायदा केला आणि १९९४ मध्ये संसदेनेही तसा कायदा केला. तो का करावा लागला हे विसरून, परदेशी रिपोर्टचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून ‘या खेपेला तरी’ असं विचारणारे नातेवाईक अजून आहेत. रिपोर्टमध्ये लिंग कळवू नका असं क्लिनिकला सांगता येतं. ते सांगण्याचा हक्क बाईचा आहे, हे पुस्तक ठामपणे म्हणतं.

नोकरीच्या बाबतीत, जून २०२३ पासून पंधरा किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीला गरोदर बाईला वाजवी सवलती द्याव्या लागतात. उलट्यांमुळे उशिरा येणं किंवा घरून काम करणं त्यात येऊ शकतं. तीन महिने गप्प राहणाऱ्या बाईला हा हक्क मागताच येत नाही. आणि राज्य बदललं की कायदा बदलतो. इलिनॉयने २०१९ मध्ये गर्भपाताचा हक्क मूलभूत मानला. शेजारच्या इंडियानात २०२३ पासून जवळजवळ बंदी आहे. गर्भ आपोआप पडू लागला किंवा नळीत राहिला तर उपचार मिळण्यावरही अशा बंदीची सावली पडते. प्रोजेक्ट बदलून इंडियानापोलिसला किंवा डॅलसला जाणाऱ्या घराने हे ठाऊक ठेवूनच निघावं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. यात डॉक्टर आहेत, नर्स आहेत, एक निवृत्त सुईणही आहे, पण बहुतेक मजकूर बायकांनी स्वतः लिहिला आहे आणि वैद्यकीय भाग जाणकारांनी तपासला आहे. आठवड्यांच्या क्रमाने मांडणी असली तरी सगळे आठवडे सारखे वाटून दिलेले नाहीत. पाचवा ते आठवा यांनी निम्मं पुस्तक व्यापलं आहे, कारण लेखही तिथलेच जास्त आले. नवऱ्यांसाठी वेगळं प्रकरण करावं असा आग्रह झाला होता. तो मी मानला नाही. त्यांनी सगळंच वाचावं.

एका गोष्टीवर आमच्यात खूप चर्चा झाली. कळलेल्या गर्भांपैकी साधारण दहा ते वीस टक्के पहिल्या काही महिन्यांत टिकत नाहीत आणि त्यांतल्या निम्म्यांमागे गुणसूत्रांतली चूक असते. जिना चढल्याने, ऑफिसला गेल्याने किंवा नजर लागल्याने ते होत नाही. असं ज्यांच्या बाबतीत झालं त्यांनी लिहिलेले लेख कुठे ठेवायचे? गोड बातमीच्या पुस्तकात हे नको, शेवटी परिशिष्टात टाका, असं काहींचं मत होतं. लिहिणाऱ्यांनी ते नाकारलं. तिसऱ्या महिन्याआधी सांगितलं नव्हतं म्हणून गेल्यावरही सांगता आलं नाही, सोमवारी उठून कामावर गेलो, मागच्या पानांतही पुन्हा लपायचं नाही, असं त्यांनी कळवलं. ते लेख सातव्या-आठव्या आठवड्याच्या जागीच आहेत.

त्यांच्या आधी लगेच एक पान आहे, ते फाडून फ्रिजवर लावण्यासाठी. एका बाजूला सरकत गेलेली तीव्र ओटीपोटदुखी, खांद्यात कळ, घेरी, तासाला दोन पॅड भिजतील असा रक्तस्राव सलग दोन तास, ताप, काहीच पोटात न टिकणं. यांपैकी काहीही झालं तर भेटीची तारीख विसरून इमर्जन्सीत जायचं. पुढच्या ओळीत एक रिकामी जागा सोडली आहे. गावातली एखादी मावशी, मैत्रीण किंवा शेजारीण, जिला रात्री दोन वाजता उठवलं तरी चालेल, तिचं नाव आणि नंबर तिथे लिहायचा आहे. तो चौथ्या आठवड्यातच लिहावा, आणि तिला तसं सांगूनही ठेवावं.